काचेमागचा ठोकळ्या

४ नोव्हेंबर

कापडी अस्वलांच्या संग्रहालयास हिरव्या चौकड्यांचे अस्वल देणाऱ्या बाईंस,

हे पत्र मी तुला मुलगी म्हणून लिहीत नसून त्या अस्वलाची देणगीदार म्हणून लिहीत आहे. मुलगी म्हणून लिहावयाचे असते तर गेल्या दोन वर्षांत लिहिले असते. तेव्हा पत्रात तुझ्या घरच्यांची विचारपूस नाही याचा राग मानू नये. माझी प्रकृती ठीक आहे. शस्त्रक्रिया झालेला डोळाही ठीक आहे.

मुद्दा असा. सदर अस्वलाची दुरुस्ती करण्याचे संग्रहालयाने ठरविले आहे. पोट उसवून आतील काथ्या काढून टाकावयाचा व नवीन कापूस भरावयाचा, असा त्यांचा बेत आहे. तसे होता कामा नये. मी हरकत घेतली, परंतु वस्तू ज्याने दिली त्याचीच हरकत चालते असे मला सांगण्यात आले. नियम योग्य आहे. म्हणून तू त्यांना लेखी कळवावे की अस्वल उसवू नये. विलंब करू नये. महिना संपण्यापूर्वी ते दुरुस्तीच्या टेबलावर जाणार आहे.

मला हे कसे कळले ते सांगणे आवश्यक आहे, अन्यथा मी तुझ्यावर पाळत ठेवतो असा तुझा समज व्हावयाचा. शेजारचे निवृत्त चालक आपल्या नातीला घेऊन तेथे गेले होते. परत आले ते जिन्यातूनच ओरडत.

"अहो मुकादम, तुमचा ठोकळ्या काचेत बसलाय की!"

मी म्हणालो, हळू बोला.

"हळू काय हळू! पाठीमागं तेच कापड घेऊन जन्मभर गाडी हाकली मी. ओळखणार नाही होय? आपल्या बसची सीट आहे ती. नुसते कान लावलेत वर!"

ते अस्वल कचऱ्याच्या गाडीत गेले, असे मी धरून चाललो होतो. तू तसे कधी म्हणाली नव्हतीस. मीही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तिकीट खिडकीतल्या मुलीने विचारले, "आजोबा, नातवंडं कुठंयत?" मी म्हणालो, एकटाच आहे. ती म्हणाली, "मग ज्येष्ठांचं अर्धं तिकीट." मी तिला सांगितले की मी संग्रहालय पूर्ण पाहणार आहे, तेव्हा तिकीट पूर्णच द्यावे. तिने दिले. मागून हसली असेल तर मला ऐकू आले नाही.

तू ते पाहिलेच असशील, तरी मी काय पाहिले ते नमूद करतो. दाराशी खोलीच्या आढ्याला टेकेल असे एक अस्वल आहे. मुले त्याच्या पोटावर आदळून छायाचित्रे काढून घेतात. भरणी ढिली आहे. आतील दालनात मुके घेऊन घेऊन नाक झिजलेली अस्वले आहेत. टेबलाभोवती चहाला बसलेली अस्वले आहेत, कपांत चहा नाही. एका कपाटात केवळ अर्धे अस्वल आहे. दोन बहिणींनी ते वाटून घेतले होते म्हणे. दुसरे अर्धे कोठे आहे ते पाटीवर लिहिलेले नाही. मी तेथे बराच वेळ उभा राहिलो.

आपले अस्वल शेवटच्या दालनात आहे. तेथे घरी बनविलेली ठेवली आहेत. शेजारी तुझ्या नावाने चिठ्ठी लावलेली आहे, ती अशी: "माझे वडील बसच्या सीट भरायचे. हे अस्वल त्यांनी केलं. ते कुशीत घेता येत नसे. त्यावर बसायचं असे." मजकुरात चूक नाही. शुद्धलेखनही बरोबर आहे.

काचेवर लाल फीत होती. राखणदार बाईंनी फितीचा अर्थ सांगितला: वस्तू दुरुस्तीला जाणार आहे. मी समोरच्या बाकावर बसलो. बाकाची गादी पार बसली आहे. बाई म्हणाल्या, "आजोबा, तिथं बसू नका, उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील." तरीही मी बसलो आणि माझा मी उठलो.

हरकतीचे पत्र त्वरित पाठवावे, एवढेच सांगणे आहे.

सेवानिवृत्त मुकादम, आसन विभाग

———

१५ नोव्हेंबर

मुलीस,

तुझे कार्ड मिळाले. दोन पाने भरून लिहिलेल्या पत्राला तू "का?" एवढेच उत्तर धाडलेस. तुझी आई असती तर म्हणाली असती, बापावर गेली.

कारणे देतो.

ते अस्वल आगाराच्या पद्धतीने भरलेले आहे. आत काथ्या आहे, त्यावर गोणपाट आहे, त्यावर आसनाचे कापड आहे. कापड उरलेल्या तुकड्यांतले असून साहेबांच्या परवानगीने घरी आणले होते. दाभणाने सुतळी ओढून पोटाला बटणे बसविली आहेत, ज्यामुळे भरणी सरकत नाही. ही पद्धत आता कोणी वापरत नाही. ती तशीच राहणे योग्य.

तुला मऊ अस्वल हवे होते, हे मला ठाऊक होते. दुकानात लटकवलेले पाहून तू रडली होतीस. परंतु मऊ म्हणजे कच्चे, हे माझ्या हातात मुरलेले होते. ज्या आसनात माणूस रुततो ते आसन आमच्याकडे उसवून परत भरावे लागे. म्हणून मी ठासून भरले. तुझ्या आईने त्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "अगं बाई, वाजतंय! अस्वल आहे का ठोकळा?" तेथून त्याचे नाव पडले.

आणि आगाराचा नियम तुला माहीत आहेच. आसन भरणाऱ्याने स्वतः बसून पाहिल्याशिवाय ते दाराबाहेर जावयाचे नाही. दोघांचे आसन असेल तर दोघांनी एकदम बसून पाहावयाचे. एकट्याने इकडून तिकडे सरकून चालत नाही, कारण एका बाजूला भार आला की दुसरी बाजू उचलते, आणि ते दुसरे माणूस बसल्याशिवाय कळत नाही. मी मुकादम झाल्यावर हा नियम कोणालाही मोडू दिला नाही.

आता पुढचे ऐक. काल मी पुन्हा संग्रहालयात गेलो होतो. दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी मला आतल्या खोलीत नेले. तुझ्याच वयाच्या आहेत. खोली स्वच्छ आहे, सुया जाडीप्रमाणे लावलेल्या आहेत. मी त्यांना वरील सर्व कारणे सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. नंतर एका चिमट्याने ठोकळ्याच्या बगलेतील टाका किंचित बाजूला केला आणि भिंग माझ्या हातात दिले. आत कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागलेली आहे. मी डोळ्यांनी पाहिली. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचं काम उत्तम आहे. पण ही कसर शेजारच्या कपाटात गेली तर बाकीची सगळी अस्वलं जातील. मी काय करू सांगा."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

मी विचारले, न उसवता काही उपाय आहे का? आहे. अस्वल काही आठवडे बर्फपेटीत ठेवावयाचे. थंडीने कसर मरते, काथ्या जागेवर राहतो. परंतु कापड जुने आहे, थंडीने शिवणीवर तडकू शकते. म्हणून हा धोका देणगीदाराच्या सहीशिवाय त्या पत्करणार नाहीत. तेव्हा आता हरकतीचे पत्र न पाठवता, अस्वल न उसवता बर्फपेटीत ठेवावे अशी संमती पाठवावी.

निघताना बाईंनी विचारले, "कापड फाटलं तरी चालेल म्हणता, पण जुना काथ्या बदलायचा नाही. का बरं?"

एकाच आठवड्यात दोन बायकांनी मला एकच प्रश्न विचारला. मी सांगितले, कारण तांत्रिक आहे.

वडील

———

२३ नोव्हेंबर

ठमे,

तुझे दुसरे पत्र पोचले. या वेळी मजकूर बराच आहे. तू लिहितेस, "अस्वलासाठी पानंच्या पानं लिहिता आणि माझा फोन उचलत नाही. कपाट देऊन टाकलं म्हणून राग आहे का? आईची शिलाई मशीन नेली म्हणून? काय ते एकदाचं सांगा, बाबा. तांत्रिक कारण मला सांगू नका, मी तुमची मुलगी आहे."

कपाटाचा राग नाही. त्याचे दार मलाही जन्मात नीट लावता आले नाही. मशीन तर तुझ्या आईने तुलाच देऊ केली होती. गेली दोन वर्षे तू कपाट आणि मशीन म्हणत राहिलीस आणि मी तुला म्हणू दिले.

तुझी आई आजारी असताना तू दर रविवारी यायचीस. आली की ती तुला उशांना टेकून बसलेली दिसायची. वेणी घातलेली, तोंड धुतलेले. ते तुझ्यापुरते असे.

तिला आडवे होता येत नव्हते हे तुला माहीत आहे. आडवी झाली की श्वास कोंडे. डॉक्टरांनी सांगितले होते, बसतेच ठेवा. परंतु उशा बसतात, ठमे. चार लावल्या तरी थोड्या वेळात चपट्या होतात आणि मान घरंगळते. मी जन्मभर लोकांच्या पाठी टेकविण्याचे काम केले, आणि माझ्या घरात एक पाठ मला टेकविता येत नव्हती. पाठीला फळी लावून पाहिली. तिची हाडे दुखत.

एके दुपारी तिने कोपऱ्याकडे बोट दाखविले. बोलायला दम नव्हता. मला वाटले पाणी हवे. ती चिडली.

"अहो, तो. तुमचा ठोकळ्या. द्या इकडे."

मी त्याला तिच्या पाठीमागे बसविले. ती त्याच्या पोटाला टेकली, आणि टेकलेली राहिली. काथ्या दबला, पण बसला नाही. तिने डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिचा श्वास मला ऐकू आला नाही, म्हणजे धाप न लागता चालू होता. मग म्हणाली, "जन्मभर नावं ठेवली मेल्याला, आणि आता त्याच्याच जिवावर बसलेय. सांगू नका कुणाला."

मी कोणाला सांगितले नाही. आज सांगत आहे.

रविवारी तुझी रिक्षा खाली थांबली की ती घाई करायची. "काढा त्याला, काढा. ठमी येतेय. तिची जागा बळकावली म्हणेल." मी काढून कोपऱ्यात ठेवीत असे आणि उशा लावीत असे. तू असेतोवर ती उशांवर निभावून नेई. तू गेलीस की पुन्हा ठोकळ्या. शेवटीही ती त्यालाच टेकलेली होती. तू येईपर्यंत मी उशा लावल्या होत्या.

काथ्याचा एक गुण आहे. कापूस दाब विसरतो, काथ्या विसरत नाही. ती गेल्यावर मी ठोकळ्याला खुर्चीवर ठेवले होते. त्याच्या पोटात तिच्या पाठीएवढी जागा दबलेली आहे. डावीकडे थोडी अधिक, कारण ती खिडकीकडे कलून बसे. घरात तिचे छायाचित्र आहे, परंतु छायाचित्राला जाडी नसते. ही जागा हाताला लागते.

नंतर माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी इस्पितळात असताना तू रजा काढून येऊन तिची खोली आवरलीस. बाटल्या, चादरी, खाट, सर्व हलवलेस. एकटीने. मी डोळ्यावर पट्टी घेऊन घरी आलो, तेव्हा तू दारात उभी होतीस आणि म्हणालीस, "बाबा, खोली मोकळी केली. आता जरा हवा खेळेल." हवा खेळत होती. मी हाताने खुर्ची चाचपली. खुर्चीवर काही नव्हते.

तू चुकलीस असे मला म्हणता येईना, आणि काही बिघडले नाही असेही म्हणता येईना. मी म्हणालो, "तू आता जा. पुन्हा येऊ नकोस." त्याहून अधिक बोलावयाचे तर अस्वलाचे नाव घ्यावे लागले असते. ज्याच्या एका शब्दावर आगारातून गाडी निघायची किंवा थांबायची, तो मनुष्य भुशाच्या खेळण्यासाठी मुलीसमोर रडतो, हे मला जमण्यासारखे नव्हते. भुसा नव्हे, काथ्या. पण लोक भुसाच म्हणतात.

तू कारण विचारलेस, ते दिले आहे. सही करणे न करणे तुझ्याकडे.

बाबा

———

४ डिसेंबर

प्रिय ठमे,

संमती संग्रहालयाला पोचली. तुझे पत्र मला त्याच दिवशी मिळाले. ते मी चष्मा लावून वाचले आणि चष्मा काढून पुन्हा वाचले, कारण काचेवर ओल आली होती.

तू लिहितेस: "बाबा, ती दबलेली जागा पाहूनच मी ठोकळ्याला संग्रहालयात दिलं. टाकून देववेना आणि घरी ठेवून बघवेना. मला वाटलं ती माझी आहे. शाळेतून आले की मी दारात त्याच्या मांडीवर बसून तुमची वाट बघायचे, जिन्याकडे कलून. तुमच्या चपलांचा आवाज आला की उठायचे, म्हणून तुम्हाला कधी दिसले नाही. आई तिथं टेकायची हे मला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी त्याला उचलून माझ्या घरी नेलं असतं, पण काचेत ठेवलं नसतं."

काथ्याला पहिला भार जेथे मिळतो, पुढचे सारे भार घसरत तेथेच येतात. हे मी नव्या पोरांना शिकवीत असे. तेव्हा ज्या जागेला मी दोन वर्षे तुझ्या आईची समजत होतो, तिच्याखाली तू होतीस. तुझ्या आईला ते ठाऊक होते. "तिची जागा बळकावली म्हणेल" हे ती थट्टेने म्हणत नसे. मला वाटे थट्टा आहे.

पत्राच्या शेवटी तू लिहितेस, "आणि माझ्याही आधी तुम्हीच बसला होतात. मी केवढं भोकाड पसरलं होतं, आठवतं का? बाबा अस्वलावर बसले!" आठवते. नियम होता.

कालच ठोकळ्याला पेटीत ठेवले. बाईंनी मला निरोप पाठवला होता. त्यांनी मला पांढरे हातमोजे दिले आणि ठोकळ्याला माझ्या मांडीवर ठेवून बाहेर गेल्या. चहा प्यायला जाते म्हणाल्या, परंतु मला वाटते त्या दाराबाहेरच उभ्या होत्या. मी हातमोजा काढून त्या जागेवर हात ठेवला. हे नियमाविरुद्ध आहे, ते मी त्यांना नंतर सांगितले. त्या म्हणाल्या, "मला काही दिसलं नाही."

मग त्यांनी त्याला स्वच्छ चादरीत गुंडाळले. तुझ्या आईला थंडी अजिबात सोसत नसे. भर दुपारी पंखा बंद करायला लावी. मी म्हणालो, आणखी एक चादर घालता येईल का?

"आजोबा, ह्याला थंडी नाही वाजत हो."

"मला माहीत आहे. तरी घाला."

त्यांनी घातली. कडा दुमडून नीट बसविली. पेटीचे झाकण मी लावले नाही, त्यांनीच लावले.

ठोकळ्या महिनाअखेरीस बाहेर येईल व पुन्हा काचेत बसेल. त्याला तेथेच राहू द्यावे, असे मला वाटते. घरी आणला तर मी एकटाच पाहीन, आणि तो माझ्या एकट्याचा नाही. फक्त त्याचे तोंड दालनाच्या दाराकडे करून बसवावे, एवढी विनंती मी केली. ती मान्य झाली. राखणदार बाई म्हणाल्या, "बरं झालं, मला सोबत. येणारा-जाणारा दोघं मिळून बघू."

त्याला बसवतील त्या दिवशी तुला यावयाचे असल्यास ये. समोरच्या बाकाचे मी तुला लिहिले होते. त्याची गादी मी मागून घरी आणली आहे. काथ्या आता सहज मिळत नाही, चालकांनी कोठून तरी मिळवून दिला. वर म्हणाले, "मुकादम, निवृत्त झालात ना? का परत भरती?" दाभण तेच आहे. बोटे पूर्वीसारखी नाहीत, तरी टाके सरळ आले आहेत. गादी तयार असून तुझ्या आईच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आहे.

मात्र एक अडचण आहे. गादी दोघांची आहे. डावी बाजू मी बसून पाहिली. उजवी उचलते किंवा कसे, ते एकट्याला कळत नाही. चालक बसायला तयार होते, त्यांना मी नको म्हणालो. दोघांनी बसून पाहिल्याशिवाय आसन दाराबाहेर नेता येत नाही, हे तुला मी कळविलेच आहे, आणि या वयात मी नियम मोडणार नाही.

तेव्हा संग्रहालयात जाण्यापूर्वी तुला घरी यावे लागेल.

दाराची कडी काढून ठेवीत आहे.

बाबा